अर्ली डिसिजनवर सही करावी का? (न्यू जर्सीतून यूव्हीए)

सुरंगी | २१ सप्टेंबर

लेकीचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष सुरू झालंय. आम्ही न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत. वसंतातल्या सुट्टीत शार्लट्सव्हिलला युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनिया (यूव्हीए) बघून आलो आणि तेव्हापासून तिच्या तोंडी दुसरं नाव नाही. अर्थशास्त्र घ्यायचंय, जमलं तर पुढे तिथलं कॉमर्स स्कूल. ग्रेड चांगल्या आहेत, एसएटी या प्रवेशपरीक्षेत १५२०, डिबेट करते, शनिवारी टाउनशिपच्या लायब्ररीत लहान मुलांना गणित शिकवते.

तिच्या बहुतेक मैत्रिणी कुठे ना कुठे अर्ली डिसिजन (ईडी) करतायत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १ नोव्हेंबरपर्यंत एकाच कॉलेजला बांधून घेऊन अर्ज करायचा, डिसेंबरच्या मध्यात निकाल येतो, प्रवेश मिळाला की जायचंच आणि बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. यूव्हीएला अर्ली ॲक्शनही (ईए) आहे. त्याची तारीख तीच, निकाल फेब्रुवारीत, बंधन काही नाही.

नवरा म्हणतो, पोरीला एवढं मनापासून हवंय तर सही करून टाकू, पैशाचं नंतर बघता येईल. मला त्या 'नंतर'ची काळजी वाटते. धाकटा नववीत आहे. रटगर्स हे न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ घरापासून वीस मिनिटांवर, आम्हाला इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांची कमी फी. रटगर्सचा राहण्याजेवणासकट खर्च वर्षाला चाळीस हजार डॉलरच्या आतबाहेर, यूव्हीएचा बाहेरच्या राज्यातल्यांना ऐंशी हजारांच्या वर. चार वर्षांचा फरक दीड लाखाच्या पुढे जातो.

ईडी केल्याने बाहेरच्या राज्यातल्या मुलीला प्रवेशात खरंच फायदा होतो का? आणि पैशाचं चित्र स्पष्ट नसताना सही करावी का? ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

एडिसनकर | २१ सप्टेंबर

सुरंगी, मी तुमच्या यजमानांच्या बाजूचा. आमच्या थोरल्याने ईडी केलं होतं (खाजगी कॉलेज, बॉस्टनकडचं). डिसेंबरमध्ये निकाल लागला आणि घर शांत झालं. त्याच्या वर्गातली बाकीची मुलं नाताळच्या सुट्टीत निबंध लिहीत बसली होती, आमचा पोरगा आजीबरोबर पत्ते खेळत होता. शेवटचं वर्ष मुलांना नीट जगता येतं, हाही फायदाच आहे आणि तो मोठा आहे.

शिवाय कॉलेजलाही असाच विद्यार्थी हवा असतो जो नक्की येणार. घेतलेल्यातले किती येतात याचा त्यांना सतत हिशोब ठेवावा लागतो, त्यामुळे ईडीवाल्याला झुकतं माप मिळतं. मुलगी काठावर असेल तर याने फरक पडतो.

मीनल_के | २१ सप्टेंबर

वाचतेय. आमचंही पुढच्या वर्षी हेच. सुरंगी, धागा काढलास ते बरं झालं.

घाटवाट | २२ सप्टेंबर

आम्ही व्हर्जिनियात फेअरफॅक्सला, म्हणजे यूव्हीएच्या दृष्टीने घरचे. दोन्ही मुली त्या प्रक्रियेतून गेल्या, एक तिथे गेली, एक गेली नाही. प्रवेशाच्या फायद्याबद्दल जरा नीट लिहितो, कारण या आकड्यांचा फार चुकीचा अर्थ लावला जातो.

यूव्हीए ही राज्याची संस्था. तिथल्या साधारण दोन तृतीयांश जागा व्हर्जिनियाच्या मुलांना जातात. उरलेल्या एक तृतीयांशासाठी बाकीचे एकोणपन्नास राज्यांतले आणि परदेशातले अर्जदार, आणि अर्जांचा मोठा गठ्ठा यांचाच असतो. त्यामुळे संकेतस्थळावर दिसणारा एकूण प्रवेशाचा दर सुरंगीच्या लेकीसाठी काही कामाचा नाही. तसंच ईडीचं. प्रत्येक कॉलेजचा 'कॉमन डेटा सेट' असतो, त्यातल्या सी-२१ या रकान्यात ईडीला किती अर्ज आले आणि किती घेतले ते दिलेलं असतं. तो आकडा आकर्षक दिसतो. पण त्यात घरचे आणि बाहेरचे एकत्र मोजलेले असतात, आणि खेळाडू म्हणून आधीच निवडलेली मुलंही असतात. ही दोन्ही वजा केल्याशिवाय तुलना करू नका. यूव्हीएच्या प्रवेश कार्यालयाने घरचे-बाहेरचे आणि ईडी-ईए असे वेगवेगळे आकडे वेळोवेळी दिलेले आहेत. ते शोधा आणि बाहेरच्यांचं ईडी बाहेरच्यांच्या ईएशीच ताडून बघा.

माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं प्राधान्य व्हर्जिनियाने कायद्याने बंद केलंय. २०२४ मध्ये कायदा झाला, सगळ्या सरकारी विद्यापीठांना लागू. त्यामुळे एक अडथळा कमी झाला म्हणायचं.

आणखी एक मुद्दा, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. २००६ मध्ये हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि यूव्हीए या तिघांनी अर्ली प्रवेश बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. कारण त्यांनी स्वतःच सांगितलं होतं: ही पद्धत आधीच सुस्थितीत असलेल्या मुलांना पुढे नेते, ज्यांना वेगवेगळ्या कॉलेजांची आर्थिक मदतीची पत्रं शेजारी ठेवून तुलना करावी लागते ती मुलं मागे राहतात. २०११ मध्ये तिघेही परत फिरले, यूव्हीएने तेव्हा बंधन नसलेलं ईए आणलं. ईडी परत आलं ते २०१९ मध्ये. नियम बदलत गेले, पण २००६ मध्ये दिलेलं कारण आजही तसंच्या तसं लागू आहे. तुमच्या घराला तुलना करण्याची गरज आहे का, हा प्रश्न आधी सोडवा. प्रवेशाच्या शक्यतेचा हिशोब त्यानंतर करा.

एडिसनकर | २२ सप्टेंबर

घाटवाट, उत्तम प्रतिसाद. सी-२१ बद्दल माहीत नव्हतं. पण शाळेच्या पातळीवरही बघायला हवं ना? नॅव्हियन्सवर (शाळा वापरतात ती कॉलेज-अर्जांची वेबसाइट) आमच्या हायस्कूलमधून मागच्या वर्षांत कोण कुठे गेलं त्याचे ठिपके दिसतात, ग्रेड आणि एसएटीप्रमाणे. देशभरच्या दरापेक्षा ते जास्त खरं.

घाटवाट | २२ सप्टेंबर

शंभर टक्के. फक्त ते ठिपके ईडीचे की ईएचे हे शाळेच्या काउन्सेलरला विचारून घ्या, चार्टवर ते नेहमी वेगळं दिसत नाही.

मृद्गंध | २२ सप्टेंबर

मी टॅक्स रिटर्न भरून देण्याचं काम करते, त्यामुळे दरवर्षी या दिवसांत माझ्याकडे आपलीच माणसं फॅफ्साचे (संघराज्याच्या शैक्षणिक मदतीच्या अर्जाचे) प्रश्न घेऊन येतात. पैशाच्या बाजूने लिहिते. जरा मोठं होईल.

सुरंगी, आधी 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' भर, म्हणजे मदत वजा जाता तुम्हाला अंदाजे किती खर्च येईल ते कळेल. तो प्रत्येक कॉलेजच्या साइटवर असतो, २०११ पासून संघराज्याच्या कायद्याने सक्तीचा आहे. मागच्या वर्षीचं टॅक्स रिटर्न, बँकेची शिल्लक, गुंतवणूक सगळं समोर ठेवून भर. अंदाजे आकडे टाकून आलेलं उत्तर फसवं असतं.

आता आपल्या लोकांकडून हमखास सुटणारी गोष्ट. पुण्यात, नाशकात, ठाण्यात तुमच्या नावावर फ्लॅट आहे? तो मोजला जातो. राहतं घर फॅफ्सा मोजत नाही, ४०१के (निवृत्तीची बचत) मोजत नाही, पण दुसरी कुठलीही स्थावर मालमत्ता गुंतवणूक म्हणून धरते, मग ती कोथरूडला असो की नॉर्थ कॅरोलायनातल्या केअरीला. सीएसएस प्रोफाइल (काही कॉलेजं फॅफ्साखेरीज मागतात तो मदतीचा सविस्तर अर्ज) तर राहत्या घराबद्दलही विचारतं. आईवडील त्या फ्लॅटमध्ये राहतात, भाडं येत नाही, विकायचा प्रश्नच नाही, हे सगळं खरं असलं तरी रकान्यात त्याची किंमत जाते. तसंच आईवडिलांना दरमहा पाठवलेले पैसे आपोआप वजा होत नाहीत. सीएसएसमध्ये विशेष परिस्थिती लिहायला जागा असते, तिथे लिहा, आणि मग मदत कार्यालयाला फोनही करा.

दुसरं. पूर्वी घरात दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की पालकांकडून अपेक्षित असलेला खर्चाचा वाटा विभागला जायचा. २०२४-२५ पासून फॅफ्साच्या सूत्रातून ते गेलं. तुझा धाकटा नववीत आहे, म्हणजे थोरलीच्या चौथ्या वर्षाला तो पहिल्या वर्षाला. ते एक वर्ष दोघांचा खर्च एकदम येणार हे आत्ताच धरून चाल.

तिसरं, कर्ज. विद्यार्थ्याला संघराज्याकडून पहिल्या वर्षी ५,५०० डॉलरपर्यंतच मिळतं. उरलेलं आईबाप 'पॅरेंट प्लस' या पालकांसाठीच्या संघराज्याच्या कर्जातून काढायचे, त्याला पूर्वी खर्चाएवढी मुभा होती. २०२५ च्या नव्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना त्यावर मर्यादा आली: एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,०००. तुझी लेक नेमकी त्याच फॉलला जातेय. 'नंतर बघू'मधला बराचसा भाग इथेच आटोपतो, पुढे खाजगी बँकेचं कर्ज, त्याला सहीला तुम्ही दोघं. हे तुझ्या नवऱ्याला दाखव.

आणि ईडीतून सुटका. करारात स्पष्ट लिहिलंय की मदतीसाठी अर्ज केला असेल आणि मिळालेल्या मदतीत जाणं शक्य नसेल तर प्रवेश नाकारता येतो, बंधनातून सोडतात. हे खरं आहे, पण मदतीसाठी अर्जच केला नसेल तर हा दरवाजा नाही. आणि कॅल्क्युलेटरने सप्टेंबरमध्ये जो आकडा दाखवला तोच डिसेंबरमध्ये आला, तर 'आम्हाला माहीत नव्हतं' कुठल्या तोंडाने म्हणणार? सही विद्यार्थ्याची, पालकाची आणि काउन्सेलरचीही असते. शाळेचं नाव त्यात गुंतलेलं असतं, पुढच्या वर्षीची मुलं त्याच शाळेतून अर्ज करणार असतात.

मला विचारशील तर: कॅल्क्युलेटरचा आकडा बघून, दुसरीकडून काय येतंय हे न बघता, तुम्ही दोघं शांतपणे 'हो, एवढे आम्ही चार वर्षं देऊ' म्हणू शकत असाल तरच सही करा.

सुरंगी | २२ सप्टेंबर

मृद्गंध, किती मनापासून लिहिलंस! पुण्याचा फ्लॅट आहे, सासूबाई राहतात तिथे. तो कुठे दाखवायचा असतो हे माझ्या डोक्यातही नव्हतं. शनिवारी बसतो सगळे.

दिगंत_पुणे | २३ सप्टेंबर

इथे भारतात बसून वाचतोय. आमच्याकडे मेडिकलला ८५ टक्के जागा राज्याच्या, १५ टक्के अखिल भारतीय, आणि यादीत मार्क दिसतात. तिथे राज्याबाहेरच्या मुलाला किती जागा हे कुठे लिहिलेलं असतं का, की सगळं त्या त्या विद्यापीठावर?

घाटवाट | २३ सप्टेंबर

दिगंत, राज्याराज्यात वेगळं. नॉर्थ कॅरोलायनाने १९८६ मध्ये चॅपल हिलच्या आपल्या विद्यापीठाला पहिल्या वर्षात बाहेरची मुलं १८ टक्क्यांपर्यंत अशी मर्यादा घातली. टेक्ससमध्ये ऑस्टिनच्या सरकारी विद्यापीठाच्या बहुतेक जागा टेक्ससच्या मुलांना, आणि हायस्कूलच्या अगदी वरच्या टक्क्यांतल्या मुलांना कायद्याने आपोआप प्रवेश. कॅलिफोर्नियात यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) अर्ली प्रकारच नाही, नोव्हेंबरअखेर एकच अर्ज, एसएटी बघतच नाहीत, आणि बाहेरच्यांकडून नेहमीच्या फीवर तीस हजारांहून जास्त जादा आकार. मार्कांची यादी मात्र कुठेच लागत नाही.

हेमांगी_ॲन_आर्बर | २३ सप्टेंबर

मिशिगनमध्येही बदल झालाय. इथे आत्तापर्यंत फक्त ईए होतं, २०२५ मध्ये विद्यापीठाने ईडीही आणलं. आमच्या मंडळाच्या गणपतीत यंदा पालकांमध्ये हाच विषय होता. सरकारी विद्यापीठंही आता बांधून घ्यायला लागली याचं मला वाईट वाटतं. मध्यमवर्गी घरांना 'सरकारी कॉलेज म्हणजे निवांतपणे तुलना करता येईल' एवढा तरी आधार होता.

सुरंगी, एक सुचवते. बाहेरचं राज्य म्हणजे ऐंशी हजारच असं नाही. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०१३ पासून फी वाढवलेली नाही: इंडियानावाल्यांना ९,९९२, बाहेरच्यांना २८,७९४ डॉलर. राहणंखाणं धरूनही ते तुमच्या रटगर्सच्या जवळपास येतं. तिथेही ईए १ नोव्हेंबर. पश्चिमेकडच्या राज्यांत डब्ल्यूयूई म्हणून देवाणघेवाण आहे, त्यात सामील कॉलेजं शेजारच्या राज्यातल्या मुलांना इन-स्टेट फीच्या दीडपटीपर्यंत घेतात. न्यू जर्सीला त्याचा उपयोग नाही, पण इथे वाचणाऱ्या ॲरिझोना-कोलोरॅडोवाल्यांना होईल.

निवांत_८ | २३ सप्टेंबर

आमचं वेगळं आहे, तरी लिहितो, कारण असे बरेच जण इथे असतील. आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मुलगा एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. मुलगा पहिलीपासून इथे शिकला. तरी एच-४ वाल्याला फॅफ्साची संघराज्याची मदत नाही, फेडरल कर्ज नाही, आणि बरीच कॉलेजं त्याला आंतरराष्ट्रीय विद्यार्थी धरतात. यूव्हीए 'दाखवलेली संपूर्ण गरज भागवू' म्हणते आणि ते बाहेरच्या राज्यातल्यांनाही लागू आहे, ही फार चांगली गोष्ट. पण नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांपुरतीच. आमच्यासाठी तो आकडा पूर्ण ऐंशी हजारांचा.

शिवाय एकविसाव्या वर्षी मुलगा एच-४ मधून बाहेर पडणार, मग एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा. नोकरी गेली तर आम्हाला इथे राहायला साठ दिवस. अशा घराने चार वर्षांची बांधिलकी डिसेंबरात करणं मला तरी झेपलं नाही. आपल्या राज्यात एच-४ ला इन-स्टेट फी मिळते का ते बघितलं, मिळते. मुलगा तिथेच जातोय, आणि छान चाललंय त्याचं. पहिल्या दोन महिन्यांतच प्रोफेसरच्या लॅबमध्ये काम मिळवलं.

ज्यांचं स्टेटस असं आहे त्यांनी इन-स्टेटचे नियम आत्ताच वाचून ठेवा, प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत.

मृद्गंध | २३ सप्टेंबर

निवांत, फार उपयोगी लिहिलंत. हे वेगळ्या धाग्यात पण टाका ना.

अवंती_यूव्हीए | २४ सप्टेंबर

आईने हा धागा पाठवला. :) मी यूव्हीएत दुसऱ्या वर्षाला आहे, मॅरिलंडहून ईडीने आले. मराठी लिहायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

सुरंगी काकू, आधी चांगलं सांगते. मला हे कॉलेज खूप आवडतं. पहिल्या वर्षी मॅकॉर्मिक रोडच्या डॉर्ममध्ये होते, तिथल्या मैत्रिणी अजून घट्ट आहेत. इकॉनमधले पहिल्या वर्षाचे वर्ग मोठे असतात, पण ऑफिस अवर्सला गेलं की प्रोफेसर नावाने ओळखतात. शॅनन लायब्ररीत खिडकीजवळची जागा मिळवायला सकाळी लवकर जावं लागतं, तेवढीच काय ती मारामारी.

आता जे टूरवर सांगत नाहीत ते. एक, खूप मुलं नॉर्दर्न व्हर्जिनियाची असतात. एकमेकांना हायस्कूलपासून ओळखतात आणि लाँग वीकेंडला गाड्या भरून घरी जातात. पहिल्या सेमिस्टरला तेव्हा डॉर्म रिकामं झालं की वाईट वाटायचं. नंतर सवय होते. न्यू जर्सीवाल्यांना न्यूअर्कहून ॲमट्रॅकने येता येतं, पण गाड्या थोड्याच असतात.

दोन, कॉमर्स स्कूलला हायस्कूलमधून थेट प्रवेश मिळत नाही. इथे आल्यावर वेगळा अर्ज करावा लागतो आणि सगळ्यांना मिळत नाही. माझ्या मजल्यावरच्या दोघींना नाही मिळालं, दोघी आता इकॉनमध्ये आहेत. एक खुश आहे, दुसरी अजून त्यातून बाहेर आलेली नाही. तिने फक्त कॉमर्ससाठी ईडी केलं होतं. तुमच्या मुलीला विचारा, कॉमर्स नाही मिळालं तरी यूव्हीएला यायचंय का? ती लगेच हो म्हणाली तर ईडीचा विचार करा.

तीन, आमच्याकडे अर्जाआधी बाबांनी मला एक्सेल शीट दाखवली होती. घराचा हप्ता, त्यांची सेव्हिंग, भावासाठी किती ठेवलंय, सगळं. मला आधी ऑकवर्ड वाटलं. पण तेव्हा मला कळलं की मी काय मागतेय. प्लीज तुमच्या मुलीला पण दाखवा.

सुरंगी | २४ सप्टेंबर

अवंती, बाळा, किती गोड आणि किती समंजस लिहिलं आहेस. तिला रात्री जेवताना वाचून दाखवलं. कॉमर्सचा प्रश्न विचारल्यावर ती लगेच काही बोलली नाही.

एडिसनकर | २५ सप्टेंबर

एक मुद्दा राहिला. मुलीच्या अकरावीपेक्षा बारावीच्या ग्रेड वर जात असतील तर थांबण्यात फायदा असतो, कारण ईडीच्या निर्णयाला या वर्षाची पहिली सेमिस्टर पूर्ण दिसत नाही. आधीपासूनच उत्तम असतील तर फरक नाही.

मी अजूनही म्हणेन की पैशाची तयारी असेल तर ईडी करा. प्रवेशाची अनिश्चितता मुलांना आतून पोखरते. एप्रिलपर्यंत ताटकळलेली मुलं मी बघितली आहेत. त्या त्रासाचीही काही किंमत धरा.

सुरंगी | २९ सप्टेंबर

शनिवारी बसलो. इथल्या लोकांनी एवढा वेळ दिला म्हणून सविस्तर सांगते.

लेकीला डायनिंग टेबलाशी बसवलं, लॅपटॉप तिच्याकडेच दिला. टॅक्स रिटर्न, ५२९ ची (मुलांच्या शिक्षणासाठीच्या बचत खात्याची) शिल्लक, गुंतवणूक, आणि मृद्गंधने सांगितल्याप्रमाणे पुण्याचा फ्लॅट. फ्लॅटची किंमत किती टाकायची यावर नवऱ्याचा नी माझा वाद झाला, शेवटी दिराला फोन लावला. बाजारात काय चाललंय ते त्याने सांगितलं, आम्ही तो आकडा टाकला. कॅल्क्युलेटरचं उत्तर आलं: मदत जवळजवळ शून्य. लेकीने फ्लॅटशिवायही एकदा भरून बघितलं, किती फरक पडतो ते कळावं म्हणून. थोडाफार पडला, पण चित्र बदलण्याइतका नाही.

मग रटगर्सचं भरलं, पर्ड्यूचं भरलं, मॅरिलंडचंही. चारी आकडे तिने एका कागदावर ओळीत लिहिले आणि प्रत्येकाखाली चार वर्षांची बेरीज मांडली. धाकटा मध्येच येऊन विचारून गेला, "माझ्यासाठी उरेल ना?" तो सहज बोलून गेला, पण ती तिथेच थांबली.

नवऱ्याने पॅरेंट प्लसची नवी मर्यादा स्वतः वाचून काढली. त्याला वाटत होतं की उरलेला फरक कर्जाने भागेल. तसं होत नाही हे दिसल्यावर तोही नरमला. पण तो एक बोलला ते मला पटलं: ती तिथे गेलीच आणि पैसे उभे करावे लागले तर करूच, पण ते तुलना करून, सगळं समोर ठेवून.

कॉमर्सच्या प्रश्नावर तिने दोन दिवसांनी उत्तर दिलं. म्हणाली, कॉमर्स नाही मिळालं तरी यूव्हीए आवडेल, पण त्यासाठी दुप्पट पैसे द्यावेत असं नाही वाटत. रटगर्सच्या बिझनेस स्कूलला थेट प्रवेश मिळतो हे तिने स्वतः शोधलं, आम्ही सांगितलं नव्हतं.

तर यूव्हीए ईए, रटगर्स, पर्ड्यू आणि मॅरिलंड, चारी अर्ज १ नोव्हेंबरच्या आत. ईडी नाही.

एडिसनकर | २९ सप्टेंबर

निर्णय तिने केला हे सगळ्यात चांगलं. मी असतो तर वेगळं केलं असतं, पण तुमचे आकडे बघता तुमचं बरोबर वाटतं. तिला शुभेच्छा!

घाटवाट | २९ सप्टेंबर

छान. मात्र ईए असलं तरी फॅफ्सा आणि सीएसएस वेळेत भरा. मदत शून्य दिसली म्हणून सोडून देऊ नका, मध्येच नोकरीत काही झालं तर त्या वर्षी अर्ज हातात असलेला बरा. आणि यूव्हीएच्या पुरवणी निबंधात 'लहानपणापासून स्वप्न' वगैरे नको. लायब्ररीत ती मुलांना गणित शिकवते त्याबद्दल लिहू दे. कुठलं मूल अपूर्णांकाला अडलं आणि तिने काय केलं, एवढं नेमकं.

मीनल_के | ३० सप्टेंबर

सुरंगी, एक शंका. कॉमन ॲपवर (अनेक कॉलेजांचे अर्ज जिथून करतात ती साइट) तिने आधी ईडी निवडून ठेवलं असेल तर बदलता येतं का? माझ्या भाचीने घाईने निवडलंय आणि आता तिला ईए हवंय.

घाटवाट | ३० सप्टेंबर

अर्ज सादर केला नसेल तर त्या कॉलेजच्या प्रश्नांत जाऊन पर्याय बदलायचा, बस. सादर झाला असेल तर प्रवेश कार्यालयाला लगेच लेखी कळवायचं. ईडी करारावर काउन्सेलरने सही केली असेल तर त्यांनाही सांगा, नाहीतर शाळेकडून वेगळाच कागद जातो. १ नोव्हेंबरच्या आधी आठवडाभर सगळ्यांचे फोन लागत नाहीत, त्यामुळे भाचीला आजच करायला सांगा.